लॉकेटवरचे पोचे

दादा,

परवा शेजारची शालन भेटायला आली होती. पडवीत बसली, माझा हात हातात घेतलान आणि म्हणाली, "सुमन, रडून घे गो. मोकळी हो." मी म्हटलं, "मोकळीच आहे. चहा टाकू?" तिला ते काही रुचलं नाही. जाताना पाखाडीवर कोणालातरी सांगत होती, सुमनला धक्का बसलाय, भाऊ गेलाय हे तिच्या डोक्यातच शिरलेलं नाही.

डोक्यात सगळं शिरलंय. तू गेलास, तुझं तेरावं झालं, तुझी खाट पडवीतून उचलली. तुझ्या चपला अजून दारात आहेत आणि रोज सकाळी त्यांना अडखळून मी तुला शिव्या घालते. रडतेसुद्धा, नाही असं नाही. पण रडणं झाल्यावर आत जे उरतं ना, ते दुःख नाही रे. बोर्डाचे पेपर तपासून गठ्ठा परत पाठवला की दुसऱ्या दिवशी सकाळी जसं वाटायचं, तसं वाटतं. सुटल्यासारखं. हे शालनला सांगितलं असतं तर तिने देवऋषी आणला असता. म्हणून तुलाच सांगते.

भेटायला येणारे विचारतात, "तुमचे भाऊ अमेरिकेत काय करत होते?" मी म्हणते, "सोनार होते." त्यांना वाटतं मी चेष्टा करते. अहो, अमेरिकेत जाऊन कोणी सोनार होतो का? सोनार तर तू इथेच होतास, बाबांच्या पेढीवर. पेढी कसली, दीड माणूस बसेल एवढी खोली. दोघांचं पोट तिच्यावर भरेना म्हणून तू बोटीवर फिटर म्हणून गेलास. तिथे कप्तानाच्या बायकोच्या अंगठीचा खडा निखळला आणि तो तू साध्या पकडीने असा काही बसवलास की बंदराला लागल्यावर तिने तुला हाताला धरून आपल्या ओळखीच्या सराफाकडे नेलं. तो सराफ म्हणजे तुझी कंपनी. दीडशे वर्षं जुनी, लाल विटांची इमारत, कारागिरांचे बाक सगळे उत्तरेच्या खिडकीकडे तोंड करून. तिथे तू तुझं अख्खं आयुष्य काढलंस आणि लग्न करायचं राहूनच गेलं.

नऊ वर्षांपूर्वी परत आलास, तो त्या कंपनीचा इतिहास घेऊनच. पाच जाडजूड वह्या, मराठीत. मी म्हटलं, "दादा, अमेरिकन सराफाचा इतिहास मांडवीत कोण वाचणार आहे?" तू म्हणालास, "कोणी नाही. म्हणून तर खरं लिहिता येतं." आणि ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं काम माझ्या गळ्यात मारलंस, कारण मी निवृत्त मास्तरीण, म्हणजे रिकामटेकडी.

पण खरं सांगू? मजा आली. तो मूळ पुरुष, घड्याळं दुरुस्त करायची पेटी पाठीवर घेऊन गावोगाव फिरणारा. मग त्याने मेलेल्या माणसांचे केस घालून अंगठ्या करायला सुरुवात केली, ते वाचून मी लेखणी खाली ठेवली. "शी! मेलेल्याचे केस बोटात घालतात? सोयरसुतक काही आहे की नाही त्या लोकांना?" तर तू शांतपणे, "आपण फोटोला हार घालून त्याच्यासमोर बसून जेवतो, ते काय?" मग त्याचे दोन मुलगे. एकाला यंत्राने ठसे मारायचे होते, दुसऱ्याला सगळं हातानेच हवं होतं. भांडले, आणि कारखान्याच्या फरशीवर मधोमध पांढरी रेघ ओढून दोघांनी वाटणी केली. भाऊ मेले, रेघ राहिली. तुझ्या वेळीसुद्धा कारागीर त्या रेघेवर पाय देत नसत, ओलांडून जात. म्हटलं, बघ, हे अगदी आपल्यासारखं. इथे हद्दीच्या गडग्यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत. मग युद्ध आलं आणि अंगठ्या घडवणारे हात होकायंत्राचे काटे घडवायला लागले. शेवटी नातवंडांनी कंपनी विकली, तो सगळ्यात रटाळ भाग. तिथे तू "सदर कंपनी", "सदर व्यवहार" असलं काय काय लिहिलं होतंस, ते मी सपासप खोडलं. केवढा भडकलास! "तू शाळेची मास्तरीण आहेस, माझी नाहीस!"

पाचवी वही उतरवून झाली तेव्हा मी विचारलं, "यात त्यांचा झाडूवालासुद्धा आहे. तू कुठे आहेस?"

"बाकावर."

"पण लिहिलं नाहीस."

"लिहिण्यासारखं काही नाही त्यात."

मला वाटलं, नम्रपणा. तुझ्यात तो कधीच नव्हता, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

मग गेल्या गणपतीच्या आधीची ती तांब्याची घागर. माझ्याच हातून विहिरीच्या कठड्यावर आपटली आणि पोटाला चांगला वाटीएवढा पोचा गेला. मी ती तुझ्यासमोर आणून ठेवली. "दादा, एवढा पोचा काढून दे. सोनाराच्या घरात गणपतीला पोचा गेलेली घागर बरी दिसत नाही." आणि तू ओरडलास. असा ओरडलास की पलीकडच्या आगरात शहाळी काढणारा माणूस माडावरून वाकून बघायला लागला. "कोणाचेही पोचे मी काढणार नाही! कळलं? कोणाचेही!" मीसुद्धा काही कमी नाही. घागर तिथेच टाकली आणि म्हटलं, "राहू दे. मोठे आलेत अमेरिकन सोनार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अळू चिरत बसले होते. तू येऊन समोर बसलास आणि बाबांबद्दल बोलायला लागलास. आठवतं ना, बाबांचा नियम? दुरुस्तीला आलेला दागिना नवा होऊन गेला पाहिजे. गिऱ्हाईक म्हणो नाहीतर न म्हणो. कोणी नुसती कडी जोडायला दिली तरी बाबा पोचे काढायचे, रिठ्याच्या पाण्यात घासायचे, झळाळी आणायचे, आणि त्याचा एक पैसा घ्यायचे नाहीत. देताना मात्र डोळे बारीक करून गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघत बसायचे. "ती खरी मजुरी," म्हणायचे. तो नियम तू सातासमुद्रापार नेलास.

आणि मग तू लॉकेटचं सांगितलंस.

एक बाई बिजागरी सैल झालेलं लॉकेट घेऊन आली होती. पातळ सोन्याचं, पोकळ, आत फोटो ठेवायचं, एका कडेला बारीक बारीक पोचे. चिठ्ठीवर लिहिलं होतं, बिजागरी घट्ट करणे. तू बिजागरी नवीन बसवलीस. मग बाबांचा मुलगा म्हणून ते पोचेही आतून हळूहळू उठवून काढलेस, घासून पुसून चकचकीत केलंस. त्या कंपनीत कारागिरांनी पुढे दुकानात जायची पद्धत नव्हती. पण तुला त्या बाईचं तोंड बघायचं होतं. म्हणून ती आली तेव्हा तू मधल्या दाराच्या फटीशी जाऊन उभा राहिलास.

तिने डबी उघडली. लॉकेट बोटाने चाचपलंन. एकदा, परत एकदा. मग काउंटरवरच्या बाईला विचारलंन, "हे माझंच आहे ना?" ती कौतुकाने म्हणाली, "हो, बघा ना, अगदी नवं दिसतंय!" लॉकेटवाल्या बाईने थँक्यू म्हटलं. डबी मिटलीन. आणि दारापर्यंत जाऊन परत वळून, अगदी हळू आवाजात सांगितलंन, की ते तिच्या मुलीचे दात होते. दात येताना कडेवर बसून ती लॉकेट चावायची. वर्षाचीही झाली नाही.

मी विळी मिटून बाजूला सारली.

"मी बाकावर जाऊन बसलो," तू म्हणालास. "कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोणत्याही दागिन्याचा पोचा काढला नाही."

आणि मी काय बोलले? आज आठवलं तरी जीभ हासडावीशी वाटते. मी म्हटलं, "अरे, एवढंसं लॉकेट! ठेवलं असेल तिने कुठेतरी कपाटात, घेतलं असेल दुसरं. तू काय मुद्दाम केलंस?" चार दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. चहासुद्धा स्वतः करून प्यायलास, साखरेऐवजी मीठ घालून, आणि मला दिसू नये म्हणून तो संपवलासही.

त्या चार दिवसांत मला दुसरंच काही आठवत होतं. आमचे हे गेले तेव्हा मला यांचं घड्याळ नवी काच बसवून घ्यायचं होतं, जुनीवर चरे पडून आकडेही दिसत नव्हते. तू फोनवरून तिकडून खेकसलास, "काच राहू दे." मी म्हटलं होतं, स्वतः सोनार असून एवढा चिकटपणा! ते घड्याळ आजही माझ्या उशाशी असतं आणि त्या काचेवरचा लांब चरा यांनी सायकलवरून पडून पाडलाय, हे मला हाताला कळतं. ही काच तू मला राखून दिलीस. तुझे उपकार मानायचे राहिले. आता मानते.

तुला पुस्तकात घालायचं म्हणून मी तुझ्या मागे लागले ते तेव्हापासून. "हे लिही. तुझ्या सगळ्या इतिहासात एवढं खरं दुसरं काही नाही." तू म्हणायचास, "तो कंपनीचा इतिहास आहे, माझं रडगाणं नव्हे." मी म्हणायचे, "पांढरी रेघ चालते, मग हे का नाही?" तू म्हणायचास, "कारण ती रेघ मी ओढली नव्हती." मग मी आवाज चढवायचे.

दिवाळीनंतर तू अंथरूण धरलंस. छातीत भरायचं, बोललास की दम लागायचा, आणि त्या दमात विचारायचास काय, तर, "सुमे, तिने ते परत गळ्यात घातलं असेल का गो?" कित्येक वर्षं रस्त्यातून चालताना बायकांच्या गळ्याकडे बघायचास म्हणे. लोकांना काय वाटलं असेल देव जाणे. मला तू एकच विचारत होतास आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं.

म्हणून मी तुला न सांगता पत्र लिहिलं. म्हणजे ईमेल. तुझ्या कंपनीचे जुने कागद आता त्या गावच्या ग्रंथालयात ठेवलेत, हे तुझ्याच वहीत होतं. त्या बाईचं नाव, साल, महिना तुला सगळं तोंडपाठ होतं, झोपेतही सांगितलं असतंस. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. तासभर डोकं खाजवून आठ ओळी लिहिल्या.

आणि त्याच दिवशी मी दुसरंही एक पत्र लिहिलं, दादा. हे तुला कधी सांगितलं नाही. खोटं पत्र. उत्तर आलं नाही, किंवा आलं ते वाईट आलं, तर तुला वाचून दाखवायला. त्यात ती बाई तुला क्षमा करते, रोज लॉकेट घालते, वगैरे वगैरे, दोन पानं. मला या कामाची सवय होतीच. बोटीवरून तुझी पत्रं यायची थांबली होती तेव्हा आईसाठी तुझ्या नावाने मीच लिहायचे की. पण तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. या वेळी ते कागद उशीच्या अभ्र्यात घालून मी रोज देवाला म्हणत होते, हे वाचायची पाळी माझ्यावर आणू नकोस. मरताना याला खोटं ऐकायला लावू नकोस. खोटं मी वाचलं असतं, ते तू ओळखलं असतंस, आणि ओळखून माझ्यासाठी हसला असतास. ते मला सोसलं नसतं.

उत्तर आलं. दुपारचे चार वाजले होते, तू पेज नको म्हणून तोंड फिरवून पडला होतास. ग्रंथालयातल्या कोणा मुलीचं पत्र, चार ओळींचं. लिहिलं होतंन, दुरुस्तीची एक चिठ्ठी सापडली. त्याच बाईचं तेच लॉकेट चार वर्षांनी, मे महिन्यात, पुन्हा दुरुस्तीला आलं होतं. चिठ्ठीवर लाल शाईत सूचना आहे: पोचे काढू नयेत, नव्या बाळाचे आहेत.

मी ते तुला वाचून दाखवलं, मराठी करून. "परत वाच," म्हणालास. वाचलं. "परत." तिसऱ्यांदाही वाचलं. तू डोळे मिटून पडलास आणि पाणी डोळ्याच्या कडेने कानात गेलं, ते मी पदराने टिपलं. कोणाचं बाळ ते चिठ्ठीत नाही. तिचंच, भाचीचं, शेजारणीचं, कोणाचं का असेना. तिने ते लॉकेट चावायला दिलंन.

मग तू एक डोळा उघडलास. "सुमे, हे तू लिहिलंयस?"

"आईशप्पथ नाही!"

"आईला तू माझी पत्रं लिहायचीस."

म्हणजे तुला ते ठाऊक होतं, मेल्या! एवढी वर्षं! पण तू स्वतःच मान हलवलीस. "नाही. तुझं नाही हे. तू लिहिलं असतंस तर माझी दुरुस्ती चार वर्षांत परत आली, असं लिहिलं नसतंस."

आणि त्या माणसाला, ज्याला सकाळपासून पेजेचा घोट जात नव्हता, त्याला राग आला! "मे महिन्यात म्हणजे मी रजेवर इथे आलो होतो. आंबे खात होतो. माझ्या बाकावर कोण बसला होता कोण जाणे. पण काय तुटलं होतं? बिजागरी नसणार. साखळीची कडी असेल."

मी म्हटलं, "बिजागरीच असेल."

"माझी बिजागरी? चार वर्षांत? खुळी की काय तू!"

"पैज लाव. बिजागरी निघाली तर मी तुला पुस्तकात घालणार, मग तू काही बोलायचं नाहीस. साखळी निघाली तर नाही घालणार."

"लाव," म्हणालास. "साखळी आहे." आणि पेज मागितलीस. मऊ आटवल भाताची, वर मेतकूट. अर्धी वाटी खाल्लीस, खाताखाता दोनदा म्हणालास, साखळीच. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास, झोपेत, मी दूध तापवत असताना. खोटं पत्र न वाचताच त्याच दिवशी चुलीत घातलं. तुला कळलं आता, मी मोकळी कशाने झाले ते?

त्या मुलीला मी पुन्हा विचारलं होतं, चिठ्ठीवर दुरुस्ती काय लिहिली आहे? आज दुपारी तिचं उत्तर आलं. माफी मागितलीन, उशीर झाला म्हणून. तुझी तब्येत कशी आहे, तेही विचारलंन.

बिजागरी, दादा. तू बसवलेलीच.

आधी मला हसू आलं. इतकं हसले की शालन कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मग पुढचं वाचलं. बिजागरी तुटली नव्हती. तिच्यातली तार झिजली होती. चिठ्ठीवर तसंच लिहिलंय, सतत उघडमीट केल्याने झिजली. आणि मी हसायची थांबले. साखळी निघाली असती, तुझी बिजागरी जशीच्या तशी निघाली असती, तर त्याचा अर्थ काय झाला असता, हे तुझ्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. तू पैज जिंकायला निघाला होतास, वेड्या. बरं झालं हरलास. चार वर्षांत झिजायला ते लॉकेट तिने रोज उघडलं असणार.